फुलवाफ्यातील अनोळखी रोपे : ओळख पटवण्याच्या नोंदी, पावसाळा २०२४

२ जून, रविवार

पुण्यातील आमच्या घराच्या दक्षिण कुंपणालगतचा १२ फूट लांब आणि ४ फूट रुंद वाफा आज खणून मोकळा केला. जुनी माती दगडासारखी घट्ट झाली होती, म्हणून वरची वीतभर काढून तिच्या जागी लाल माती भरली आणि तीत शेणखत व घरच्या ओल्या कचऱ्याचे खत मिसळले.

आई गेल्यानंतरचा हा दुसरा पावसाळा आहे. पहिल्या पावसाळ्यात जे जे उगवले ते सगळे तण समजून मी एका सकाळी खुरपून टाकले, आणि आईने वर्षानुवर्षे जपलेले या वाफ्यातले बहुतेक सर्व काही त्या दोन तासांत गेले. उरला तो तिचा चहाचा जुना डबा, ज्यात सगळे बियाणे एकत्र आहे आणि कशाचेही नाव लिहिलेले नाही. तिला नावे लिहिण्याची गरजच नव्हती. मातीतून डोके वर काढणारे रोप बोटभर होण्याआधीच ती ते काय आहे हे सांगत असे. या वर्षी एकही रोप त्याची ओळख पटल्याशिवाय उपटायचे नाही असे ठरवले आहे, आणि त्यासाठी या नोंदी ठेवत आहे.

९ जून, रविवार

दोन दिवस चांगला पाऊस झाला. आज सकाळी मातीला वाफसा आल्यावर पेरणी केली.

पेरण्याआधी डब्यातले बियाणे पांढऱ्या कागदावर पसरून भिंगाखाली निवडले. सहा ढीग झाले. पहिल्या ढिगातील काळ्या काड्या आणि त्यांच्या टोकाला असलेला फिकट कुंचा पाहताच झेंडू ओळखू आला, आणि दुसऱ्या ढिगातील मिऱ्यासारख्या सुरकुतलेल्या काळ्या बियाही गुलबक्षीच्याच हे निश्चित होते. तिसऱ्या ढिगात खसखशीहून थोड्या मोठ्या, काळ्या, चकचकीत बिया आहेत. चौथ्यात मोहरीपेक्षा जराशा मोठ्या, गोल, तपकिरी. पाचव्यात लांबट, काळपट आणि अतिशय कडक. सहाव्यात बारीक, किंचित वाकलेल्या तपकिरी काड्या. या चार ढिगांची नावे मी आज लिहीत नाही. अंदाज आहेत, पण अंदाज एकदा कागदावर उतरला की पुढे डोळे तोच खरा ठरवू लागतात.

वाफ्यावर सुतळी ताणून एक-एक फुटाच्या ४८ चौकटी केल्या. त्यांपैकी ४० चौकटींत पेरले आणि ८ चौकटी मुद्दाम रिकाम्या ठेवल्या. त्याशिवाय तीन साक्षीदार तयार केले. पहिला म्हणजे सहा कप्प्यांचा ट्रे, ज्यात केवळ कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आहे आणि प्रत्येक कप्प्यात एकेका ढिगाच्या दहा बिया आहेत. दुसरा म्हणजे फक्त लाल माती भरलेली कुंडी आणि तिसरा म्हणजे फक्त खत भरलेली कुंडी. ट्रेमध्ये जे उगवेल ते आईच्या डब्यातले असेल, मातीच्या कुंडीत उगवेल ते मातीबरोबर आलेले, आणि खताच्या कुंडीत उगवेल ते शेणातून किंवा स्वयंपाकघरातून आलेले. वाऱ्यावर उडून येणारे बी चुकवण्यासाठी तिन्ही ओसरीच्या आत, पण उजेडात ठेवले आहेत. पाचव्या ढिगाच्या बियांचे कवच फार कडक असल्यामुळे त्या रात्रभर पाण्यात भिजवल्या होत्या.

१३ जून, गुरुवार

चौथ्या दिवशी पहिले अंकुर दिसले. चौकट ३, ४, ९ आणि १५ मध्ये लांबट, पट्टीसारखी बीजपत्रे असलेली रोपे आहेत. ट्रेच्या पहिल्या कप्प्यातही हुबेहूब तशीच आहेत, तेव्हा झेंडू म्हणायला हरकत नव्हती, पण संध्याकाळी सहाव्या कप्प्यातही पट्टीसारखीच बीजपत्रे वर आली. फरक शोधायचा म्हटला तर सहाव्या कप्प्यातली थोडी लांब आणि टोकाकडे निमुळती वाटतात, परंतु हा फरक मिलिमीटरचा आहे आणि तेवढ्यावर निर्णय देणे योग्य नाही.

बीजपत्रे ही रोपाची खरी पाने नव्हेत. बियाण्याच्या आतच ती तयार झालेली असतात आणि त्यांच्या आकारावरून फार तर कुळाचा सुगावा लागतो. झेंडू, कॉसमॉस, झिनिया, एकदांडी, गाजर गवत, माका ही सगळी एकाच सूर्यफुलाच्या कुळातली आहेत, म्हणून त्यांच्यात पहिल्या आठवड्यात गोंधळ होणे स्वाभाविक आहे. खऱ्या पानांची पहिली जोडी येईपर्यंत थांबणे भाग आहे.

१६ जून, रविवार

आज प्रथमच मोजणी केली. पेरलेल्या ४० चौकटींत २१२ रोपे आहेत आणि न पेरलेल्या ८ चौकटींत ३९. म्हणजे काहीही न पेरता चौकटीमागे साधारण पाच रोपे आपोआप आली आहेत, आणि हे प्रमाण पेरलेल्या चौकटींनाही लावले तर तिथल्या २१२ पैकी जवळजवळ दोनशे आईच्या डब्यातली नसावीत. हा आकडा पाहून मन खट्टू झाले. गेल्या वर्षी मी सगळेच का उपटले याचे उत्तरही त्यात आहे, कारण बहुसंख्य रोपे खरोखरच तण असतात आणि थोड्यांसाठी बाकीच्यांकडे पाहण्याचा धीर राहत नाही.

मातीच्या कुंडीतही १७ अंकुर आहेत. माती खणली की तण वाढते हा प्रत्येक बागवानाचा अनुभव आहे, आणि त्याचे कारण असे की अनेक तणांच्या बारीक बियांना रुजण्यासाठी उजेडाचा स्पर्श लागतो. खोल गाडल्या गेलेल्या बिया वर्षानुवर्षे निपचित राहतात आणि कुदळीने वर आल्या की जाग्या होतात. अमेरिकेतील मिशिगन येथे विल्यम बील या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७९ मध्ये वाळू व बिया भरलेल्या २० बाटल्या जमिनीत पुरून ठेवल्या होत्या. त्यांतली एक २०२१ मध्ये उकरली, तेव्हा १४२ वर्षांनंतरही त्यातल्या काही बिया रुजल्या. माझ्या वाफ्यातली लाल माती कुणाच्या शेतातून, कुठल्या डोंगरउतारावरून आली हे मला ठाऊक नाही, पण ती आपली जुनी वस्ती बरोबर घेऊन आली आहे हे या कुंडीवरून दिसते.

२० जून, गुरुवार

झेंडू आणि सहावा ढीग यांचा प्रश्न सुटला. झेंडूचे पहिले खरे पान पिसासारखे विभागलेले आहे, त्याची दले रुंद आहेत आणि प्रत्येक दलाची कड दातेरी आहे. सहाव्या कप्प्यातील पानाचे भाग मात्र शेपूच्या काड्यांसारखे सुतासारखे बारीक आहेत. तो कॉसमॉस आहे, आणि तोही गुलाबी-पांढऱ्या फुलांचा. कारण पिवळ्या-नारिंगी फुलांच्या कॉसमॉसची पाने एवढी बारीक नसतात, त्यांचे भाग रुंद असतात आणि कोवळेपणी ते झेंडूच्या पानाशी सहज घोटाळा करू शकतात. हा पिवळा कॉसमॉस पुण्याच्या आसपास रस्त्याच्या कडेने आणि टेकड्यांवर पावसाळा संपता संपता माजलेला दिसतो. वाफ्याच्या रस्त्याकडील चौकट १२ मध्ये त्याचीच दोन रोपे असावीत असा संशय आहे.

संशय फेडायला वास उपयोगी पडला. पानाचा अगदी छोटा तुकडा बोटांत चुरडला की झेंडूचा उग्र वास एवढ्याशा रोपालाही येतो. चौकट १२ मधील रोपांना तो नाही.

मोबाइलमधील वनस्पती ओळखण्याच्या ॲपचाही प्रयोग करून पाहिला. एकाच रोपाची तीन कोनांतून छायाचित्रे दिली, तेव्हा तीन वेगवेगळी नावे आली आणि त्यांतले एक झाड तर थंड प्रदेशातले होते. फुलावर आलेल्या झाडाबाबत त्याने मला पूर्वी चांगली मदत केली आहे, परंतु दोन-चार पानांच्या रोपासाठी मी आता भिंग, नाक आणि साक्षीदार कुंड्या यांवरच भिस्त ठेवणार आहे.

२३ जून, रविवार

आमच्याकडे बागकामाला येणाऱ्या मावशी भोर तालुक्यातल्या आहेत. त्यांना आज वाफ्याजवळ बसवून एकेक चौकट दाखवली. मी पाच दिवस भिंग घेऊन ज्यांच्याभोवती फिरत होते त्यांतली निम्मी रोपे त्यांनी दहा मिनिटांत ओळखली, आणि त्यांची ओळख भाजीवरून चालते हे पाहून मला फार आनंद झाला. चौकट ७ मधील गोलसर बीजपत्रांच्या रोपांकडे पाहून त्या म्हणाल्या, "ताई, हा तर टाकळा. उपटता कशाला, अजून कवळा आहे, वाढू द्या थोडा आणि भाजी करा." संध्याकाळी जाऊन पाहिले तेव्हा त्याची पानांची दले जोडीजोडीने मिटून एकमेकांना चिकटलेली होती. भिंगातून खालच्या दलांच्या जोडीमध्ये काडीसारखी बारीक ग्रंथीही दिसली. मावशींचे म्हणणे आणि भिंग दोन्ही जुळले.

केना त्यांनी दुरूनच सांगितला. तो गवतासारखाच एकबीजपत्री, म्हणजे एकाच बीजपत्राने उगवणारा, आहे, पण पान गवतापेक्षा बरेच रुंद आणि देठाशी खोडाला वेढणारी पिशवी असल्यामुळे एकदा कळल्यावर पुन्हा चुकत नाही. हा नुसता वरून तोडला तर पुन्हा येतो, कारण त्याला जमिनीवरच्या निळ्या फुलांखेरीज जमिनीखालीही न उमलणारी फुले लागतात आणि तिथेच बी धरते. घोळीचीही भाजी होते, म्हणून ती एका कोपऱ्यात ठेवली. आंबुशी जिभेवर ठेवताच कळते.

लाल पाठीच्या रोपांपाशी मात्र त्याही थांबल्या. चौकट १८ ते २४ मध्ये चिंचोळ्या बीजपत्रांची, खालून तांबूस असलेली कितीतरी रोपे आहेत. "माठ असेल नाहीतर कुर्डू," एवढे बोलून त्यांनी पुढच्या रविवारपर्यंत मुदत मागितली. ट्रेच्या तिसऱ्या कप्प्यातही तशीच रोपे आहेत, आणि मातीच्या कुंडीतही आहेत. ही गोष्ट महत्त्वाची आहे.

२७ जून, गुरुवार

आज सकाळी ट्रेच्या पाचव्या कप्प्यात दोन रोपे दिसली आणि मी तिथेच बसून राहिले. प्रत्येक बीजपत्र मुळाशी एक असून वर दोन लांब, अरुंद शिंगांत दुभंगलेले आहे, म्हणजे एकूण चार शिंगे आकाशाकडे उभी. दुसऱ्या कुठल्याही फुलझाडाचे बीजपत्र मी असे पाहिलेले नाही. ही गणेशवेल आहे. तिच्या कुळातील निळ्या-जांभळ्या फुलांच्या वेलीचे बीजपत्रही दुभंगते, पण त्याचे दोन्ही भाग रुंद असतात आणि रोप बसलेल्या फुलपाखरासारखे दिसते. गणेशवेलीत ते भाग सुतासारखे अरुंद असतात.

आई ही वेल कुंपणाच्या जाळीवर चढवत असे आणि तिच्या लाल, पाच टोकांच्या फुलांना ती देवघरात आणत असे. मागच्या वर्षी मी ही चार शिंगांची रोपे नक्की उपटली असणार. त्या वेळी मला ती विचित्र आणि म्हणून रानटी वाटली होती, एवढे आठवते.

वाफ्यात शोधले. चौकट ३३, ३४ आणि ४० मध्ये मिळून चार सापडली. प्रत्येकीशेजारी लाल रंगाची काडी रोवली.

३ जुलै, बुधवार

आजचा दिवस गाजर गवतावर गेला, आणि तो तसा जाणे आवश्यक होते.

न पेरलेल्या चौकटींत, तसेच चौकट १, २ आणि ५ मध्ये, जमिनीलगत पसरलेले पानांचे लहान झुबके आहेत. पहिली दोन पाने जवळजवळ अखंड आहेत आणि त्यापुढचे प्रत्येक पान अधिकाधिक कातरलेले होत जाते. आईकडे शेवंती होती आणि शेवंतीचे जुने मूळ जमिनीत राहिले असेल तर त्याचे फुटवे काहीसे असेच दिसतात, म्हणून हे झुबके दोन आठवडे मी हात न लावता ठेवले होते. आज त्यातला एक हातमोजे घालून हळूच मुळासकट काढला. शेवंतीचा फुटवा असता तर तो जमिनीखालच्या आडव्या खोडाला जोडलेला निघाला असता. इथे सरळ खाली जाणारे एक सोटमूळ निघाले, म्हणजे हे बियाण्यातून आलेले स्वतंत्र रोप आहे. पानावर करडी, मऊ लव आहे, पाने एकाआड एक आहेत आणि चुरडल्यावर शेवंतीचा वास नाही.

झेंडूपासून ते वेगळे करणे याहून सोपे आहे. झेंडू सुरुवातीपासून उभा वाढतो आणि त्याची खालची पाने समोरासमोर जोडीने येतात. गाजर गवत मात्र पहिले काही आठवडे जमिनीला चिकटून राहते आणि मग एकदम दांडा काढते. दांडा निघण्याआधीच त्याला ओळखण्यात सगळा अर्थ आहे, कारण फुलावर आलेले एक झाड हजारो बिया सोडते आणि त्याच्या संपर्काने अनेकांच्या त्वचेला खाज व पुरळ येते. उष्ण अमेरिकेतून आलेल्या या तणाचा भारतातील फैलाव ध्यानात आला तो १९५० च्या दशकात, आणि तोही इथेच, पुण्यात. पन्नास वर्षांहून अधिक काळ या शहराच्या मोकळ्या जागांवर ते राहिले आहे, तेव्हा माझ्या ४८ चौकटींत ते येणारच.

एकूण २३ झुबके काढले. दोन झुबक्यांच्या पानांवर पांढुरक्या पाठीवर गडद तपकिरी वळणदार रेषा असलेले छोटे भुंगे होते. हा मेक्सिकन भुंगा, जो या तणाच्या नियंत्रणासाठी १९८४ पासून आपल्या देशात सोडला गेला आणि जो मुख्यतः याच झाडाची पाने खाऊन जगतो. माझी ओळख बरोबर असल्याचा याहून चांगला दाखला मिळणे कठीण. भुंगे असलेले ते दोन झुबके कुंडीत लावून कुंपणाबाहेर ठेवले आहेत. फूल दिसताच खुडायचे आहे.

७ जुलै, रविवार

खताच्या कुंडीचा हिशेब थोडक्यात. टोमॅटो सहा, मिरची दोन, पपई एक, आणि जाड, लंबगोल बीजपत्रांचे काकडीचे किंवा खरबुजाचे एक. वाफ्यात याच जातीची ११ रोपे होती, ती सगळी खतातली आहेत. टोमॅटोची कोवळी खोडे लवदार असतात आणि बोट फिरवले की वास बोटाला लागतो. मिरचीचे रोप तुळतुळीत असते. टोमॅटो परसात हलवले.

मावशींची मुदत आज संपली. लाल पाठीच्या रोपांपैकी ज्यांच्या खऱ्या पानाच्या टोकाला बारीकशी खाच आहे ती माठाच्या जातीची आणि ज्यांचे टोक निमुळते आहे ती कुर्डूची, असे त्यांनी सांगितले, आणि भिंगाने ते पटले. माठातही काटेमाठ आहे का हे पाहायचे तर पानाच्या बगलेत काट्यांची जोडी येईपर्यंत थांबावे लागेल. ट्रेमधील तिसऱ्या कप्प्याची रोपे निमुळत्या टोकाची आहेत, म्हणजे माठ नाहीत. पण मग ती कुर्डू आहेत की कोंबडा हे बागेतले फुलझाड? कुर्डू आणि कोंबडा हे इतके जवळचे नातलग आहेत की रोपावस्थेत त्यांच्यात मला एकही खात्रीचा फरक सापडला नाही. फुलापर्यंत थांबणे एवढाच मार्ग आहे.

१४ जुलै, रविवार

गुलबक्षीने उशीर केला पण ती आली. ट्रेमध्ये दहापैकी सात. बीजपत्रे मोठी, रुंद, मुळाशी खाच असलेली आणि जोडीतले एक दुसऱ्यापेक्षा लहान. वाफ्यात आठ रोपे आहेत, आणि जुन्या वाफ्याच्या कडेला एक जाड फुटवा आहे जो बियाण्यातून आलेला नाही. बोटाने माती बाजूला केली तेव्हा खाली काळपट, गाजरासारखा कंद लागला. मी माती बदलली तेव्हा तो कुंपणाच्या पायात सुटून राहिला असावा. आईची एक गुलबक्षी गेल्या वर्षीच्या खुरप्यातूनही वाचली.

चौकट २९ मधील एका रोपाला मी तीन दिवस गुलबक्षी समजत होते. त्याची पाने समोरासमोर आणि जोडीत एक लहान, एक मोठे अशी आहेत, पण ते उभे न राहता जमिनीवर पसरू लागले आणि खोडावर तांबूस छटा आली. ती पुनर्नवा आहे. दोन्ही एकाच कुळातल्या असल्यामुळे ही चूक झाली. तशीच घोळ आणि जमिनीवर पसरणारी दुधी यांच्यातही काहींची चूक होते. तिथे देठ मोडून पाहावा, पांढरा चीक आला तर ती दुधी आणि ती भाजीत जाता कामा नये.

लव्हाळ्याबद्दल एवढेच लिहिते, की तो बियांतून आलेला नाही. तिकोनी दांडा हाताला लागला की खाली गाठींची माळ आहे हे समजून खोल खणावे.

ही नोंद वाचताना आता लक्षात येते की एका रोपावर मी अजून काहीच लिहिलेले नाही. जाडसर, गोल बीजपत्रांची, रसाळ आणि गुलाबी झाक असलेल्या खोडाची नऊ रोपे २२ जूनपासून वाफ्यात आहेत. पाने दातेरी आहेत आणि देठावर भिंगातून बारीक ग्रंथी दिसतात. तो तेरडा आहे यात मला पहिल्या आठवड्यापासून शंका नव्हती. आईचा तेरडा दुहेरी पाकळ्यांचा, गडद गुलाबी होता. न लिहिण्याचे कारण असे की ट्रेच्या चौथ्या कप्प्यात, म्हणजे गोल तपकिरी बियांच्या कप्प्यात, आजपर्यंत काहीही उगवलेले नाही, आणि मातीच्या कुंडीत मात्र तेरड्याची दोन रोपे आहेत.

२६ जुलै, शुक्रवार

कालच्या मुसळधार पावसाने शहरात अनेक ठिकाणी पाणी शिरले. आमच्याकडे वाफ्याची पश्चिमेची कड वाहून गेली आणि ४८ पैकी १४ चौकटींची सुतळी व काड्या जागेवरून हलल्या. गणेशवेलीच्या चारपैकी तीन वेली जाळीला धरून राहिल्या, एक मुळासकट गेली. सुदैवाने आता बहुतेक रोपे काडीवाचून ओळखता येण्याइतकी मोठी आहेत. नकाशा नव्याने काढला.

५ ऑगस्ट, सोमवार

श्रावण सुरू झाला. तिसऱ्या कप्प्याच्या रोपांना, जी मी ट्रेमधून वेगळ्या कुंडीत हलवली होती, मखमली लाल घडीचा तुरा येऊ लागला आहे, तेव्हा तिसरा ढीग कोंबड्याचा ठरला. मातीच्या कुंडीतल्या रोपांना सरळ, टोकदार, वर गुलाबी आणि खाली रुपेरी पांढरा होत जाणारा तुरा आहे, तो कुर्डू. वाफ्यात दोन्ही शेजारीशेजारी उभे आहेत. कुर्डूची कोवळी पाने भाजीसाठी काढली, पण दोन झाडे ठेवली, कारण ती सुंदर दिसतात आणि त्यांना तण म्हणून काढावे असे मला आता वाटत नाही. काटेमाठाची सात झाडे काट्यांवरून सापडली, ती काढली.

१८ ऑगस्ट, रविवार

तेरड्याला फुले आली. नऊच्या नऊ झाडांची फुले एकेरी, फिकट गुलाबी आहेत; मातीच्या कुंडीतल्या दोन झाडांचीही तशीच. हा सह्याद्रीच्या उतारावर पावसाळ्यात आपोआप येणारा रानतेरडा आहे आणि तो लाल मातीबरोबर आला. नऊपैकी दोन झाडे न पेरलेल्या चौकटींत होती, हेही त्याला जुळते.

त्यामुळे चौथ्या ढिगाचा प्रश्न उघडाच राहिला. आईचा तेरडा त्या ढिगात होता असे मानायला आधार नव्हता, आणि नव्हता असे मानायलाही नव्हता.

१० सप्टेंबर, मंगळवार

आज गौरी आल्या. आमच्या घरी तेरड्याची गौर असते. मुळांसकट तेरडा आणून त्याला पदर नेसवतात. आई असताना तो वाफ्यातलाच असे, मागच्या वर्षी मंडईतून आणला होता. या वर्षी चौकट ११, १६, २७, ३१ आणि ३८ मधील पाच झाडे मुळांची माती धुऊन घरात घेतली. आघाडाही वाफ्यातलाच निघाला. तो जूनमध्ये आपोआप आला होता आणि ओळख पटल्यावर मी तो राखला होता.

२२ सप्टेंबर, रविवार

उरलेल्या चार तेरड्यांच्या शेंगा पिकल्या आहेत. बोट लागताच त्या फुटतात आणि कवच गुंडाळून बी दूर फेकतात, म्हणून प्रत्येक शेंगेवर आधी कागदाची पिशवी धरली आणि मग शेंग दाबली. दुपारी पांढऱ्या कागदाच्या डाव्या बाजूला हे ताजे बी ठेवले आणि उजव्या बाजूला चौथ्या ढिगातले, पेरून उरलेले ११ दाणे. ताजे बी किंचित टपोरे आणि अधिक गडद आहे. जुने सुकून फिकट झाले आहे. पण आकार तोच, गोलाई तीच, भिंगाखाली दिसणारा खडबडीतपणाही तोच. रंग आणि टवटवीपणा सोडला तर दोन्हींत फरक नाही.

चौथा ढीग तेरड्याचा होता. त्या बिया डब्यात फार वर्षे राहिल्या आणि आता रुजण्याजोग्या उरल्या नसाव्यात. तरीही पुढच्या जूनमध्ये ११ पैकी सहा दाणे पुन्हा कोकोपीटमध्ये लावून पाहीन.

झेंडू, कोंबडा, कॉसमॉस आणि गणेशवेल यांचे या वर्षीचे बी अजून वाळायचे आहे. गुलबक्षीचे तयार झाले, ते पुडीत बांधून तारीख घातली. उरलेले ११ दाणे वेगळ्या पुडीत ठेवले आणि वर लिहिले : तेरडा, दुहेरी, गडद गुलाबी, आईच्या डब्यातला.